सुधारणेनंतरची कॅथलिक उपासना : महाराष्ट्र आणि वऱ्हाड

प्रस्तावना

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान संमत केले. परिषदेच्या हातून पूर्ण झालेला हा पहिला मोठा दस्तऐवज. १५७० च्या रोमन मिस्साग्रंथापासून जवळजवळ चारशे वर्षे जगभरच्या बहुतेक कॅथलिक मंदिरांत एकच विधी, एकाच भाषेत, एकाच क्रमाने चालत आला होता. फादर लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहत आणि लॅटिन प्रार्थना बऱ्याचशा मनातल्या मनात म्हणत. लोक मागे गुडघ्यांवर बसून रोझरीची माळ ओढीत. लिस्बन असो, मुंबई असो की अमरावती कॅम्प, यात फरक नव्हता. संविधानाने लॅटिन रद्द केली नाही, पण लोकभाषेला वाट करून दिली. ३७ ते ४० या कलमांत तर त्याहून पुढचे पाऊल होते. निरनिराळ्या लोकांच्या परंपरांतले जे उपासनेला साजेल ते स्वीकारता येईल, आणि जिथे अधिक खोलवर बदल हवा असेल तिथे ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक गटांत प्रयोग करून पाहता येतील, असे त्यांत नोंदवले होते. पुढच्या तीन दशकांत भारतात जे जे घडले त्याला कायद्याचा आधार याच चार कलमांचा होता.

बदल वेगाने आले. ७ मार्च १९६५ पासून मिस्सेचा बराचसा भाग लोकभाषेत म्हणण्याची मुभा मिळाली. १९६७ मध्ये मिस्सेची मुख्य प्रार्थनाही लोकभाषेत म्हणता येऊ लागली. पोप सहावे पॉल यांनी ३ एप्रिल १९६९ रोजी नवा मिस्साग्रंथ जाहीर केला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरपासून तो लागू झाला. वेदी भिंतीपासून पुढे आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले, वाचने लोकांतलेच कोणी वाचू लागले. सहा वर्षांच्या आत एका भाविकाच्या रविवारचे रूप पालटले.

महाराष्ट्रातल्या या बदलांना दोन प्रवाह होते. एक बंगळूरच्या राष्ट्रीय उपासना केंद्रातून, पुण्याच्या आश्रमांतून आणि अभ्यासकांच्या परिसंवादांतून आला. त्याची नजर संस्कृतकडे, उपनिषदांकडे आणि संन्यासपरंपरेकडे होती. दुसरा गावोगावच्या मंदिरांत, धर्मशिक्षक मास्तरांच्या पेटीभोवती, यात्रेत आणि भजनात वाढला. त्याची भाषा मराठी होती. पहिल्या प्रवाहावर ग्रंथ लिहिले गेले, वाद झाले, रोमहून पत्रे आली. दुसऱ्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. अमरावती आणि अकोल्यासारख्या भागातली कॅथलिक उपासना समजून घ्यायची तर हा दुसरा प्रवाहच अधिक महत्त्वाचा ठरतो.

परिषदेपूर्वीही अशा खटपटी झाल्या होत्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. त्यातल्या अकरा हजारांच्या घरातल्या ओव्या देवळांत वाचल्या जात. मात्र ते वाचन लॅटिन विधीच्या शेजारी चाले, विधीच्या आत त्याला जागा नव्हती. मराठीला उंबरठ्यापर्यंत येऊ द्यायचे आणि वेदीजवळ लॅटिनच ठेवायची, ही व्यवस्था साडेतीनशे वर्षे टिकली.

दुसरी खटपट वऱ्हाडाच्या दृष्टीने अधिक जवळची. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताच्या कक्षेत तेव्हा जबलपूरही येई. १८९९ मध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली कॅथलिक विचारवंताने जबलपूरजवळ नर्मदेकाठी भगव्या वस्त्रातला ख्रिस्ती मठ उभारण्याचे ठरवले आणि नागपूरचे बिशप शार्ल पेल्व्हा यांनी त्याला पाठिंबा दिला. रोमचे भारतातले प्रतिनिधी झालेस्की यांनी मात्र विरोध केला आणि मठ थोड्याच काळात बंद पडला. सावोईतल्या आनसी गावाहून आलेल्या, सेंट फ्रान्सिस दि सेल्स यांच्या संघातल्या एका बिशपाने परिषदेच्या साठ-पासष्ट वर्षे आधी हे धाडस केले, याची आठवण मध्य भारताच्या चर्चने ठेवायला हवी. पुढे वऱ्हाडात काम करणारे बहुतेक फादर याच संघाचे होते.

प्रॉटेस्टंटांनी या वाटेवर आधीच बरीच मजल मारली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर अभंग, पदे आणि भजने रचून मराठी ख्रिस्ती उपासनेला सूर दिला. अँग्लिकन जॅक विन्स्लो यांनी १९२० मध्ये भारतासाठी स्वतंत्र उपासनाविधी असावा अशी पुस्तकरूपाने मागणी केली. पुढे त्यांनी टिळकांचे चरित्र लिहिले आणि नगर जिल्ह्यात सुरू केलेला ख्रिस्त सेवा संघ पुण्याला नेला; तिथला आश्रम पुढे ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून ओळखला गेला. कॅथलिक मंदिरांत मराठी अधिकृतपणे आली तेव्हा तयार गीतांचा साठा प्रॉटेस्टंट बांधवांकडे होता. टिळकांची पदे हळूहळू कॅथलिक गायकवृंदांच्या वह्यांत उतरली. आधी एकमेकांच्या मंदिरात पाय न ठेवणारे दोन समाज गाण्याच्या वाटेने जवळ आले, ही सुधारणेच्या काळातली एक मोलाची गोष्ट आहे.

१९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. त्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उच्चारली. अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रॉक्श यांची ख्रिस्तचरित्रावरची संगीत-नृत्यरचना याच सोहळ्यात सादर झाली. इंदूरकडच्या मिशनमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या या जर्मनभाषक फादरांनी भजनाचा ठेका आणि हिंदुस्थानी रागांची बैठक ख्रिस्ती गायनात आणली. काही वर्षांपूर्वी जे संशयास्पद वाटले असते ते आता पोपांच्या सान्निध्यात घडत होते.

पुढची सूत्रे बंगळूरच्या केंद्राकडे गेली. बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांसाठीचे हे राष्ट्रीय केंद्र १९६७ मध्ये सुरू झाले आणि फादर डी. एस. अमलोरपवदास त्याचे पहिले संचालक झाले. त्यांचे थोरले बंधू आर्चबिशप लूर्दुसामी भारतीय बिशपांच्या उपासना आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाने १५ एप्रिल १९६९ रोजी रोमकडे बारा बाबींची यादी पाठवली. २५ एप्रिलला, म्हणजे दहाच दिवसांत, मंजुरी आली. या घाईवर पुढे बरीच टीका झाली आणि ती वाजवी होती, कारण लोकांना काही समजावून सांगण्याआधीच कागद तयार झाला होता. मात्र बाबी अंमलात आणायच्या की नाही हे प्रत्येक बिशपाच्या हाती ठेवले होते, त्यामुळे एका धर्मप्रांतात जे रूढ झाले ते शेजारच्या धर्मप्रांतात दिसलेच नाही.

या बारा बाबी प्रत्यक्षात कशा दिसत हे एका मिस्सेवरून कळते. बाके बाजूला सारलेली असतात. लोक चपला बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसतात. फादरही जमिनीवरच, हातभर उंचीच्या चौरंगवजा वेदीमागे बसतात. अंगात भरजरी झग्याऐवजी साधा अंगरखा आणि खांद्यावर शाल. प्रवेशाच्या वेळी त्यांना ओवाळून आत घेतले जाते आणि मेणबत्त्यांच्या जागी समई लावली जाते. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून कमरेतून वाकणे, आणि पश्चात्तापाच्या वेळी पंचांग प्रणाम. शुभवर्तमानाच्या ग्रंथाला ओठ न लावता बोटांनी स्पर्श करून तीच बोटे डोळ्यांना लावतात. शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याला नमस्कार. वेदीवरच्या चौकोनी पांढऱ्या वस्त्राच्या जागी ताट येते. त्यात भाकरी आणि द्राक्षारस, आणि भोवती आठ दिशांना आठ फुले. मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेच्या शेवटी हेच ताट उचलले जाते तेव्हा फुले, धूप आणि दीप अशी तिहेरी आरती होते. घंटानाद चालू असतो, आणि लोकांचे ‘आमेन’ त्यात मिसळते.

यातले काय टिकले हे पाहण्यासारखे आहे. हात जोडून नमस्कार करण्याची पद्धत देशभर इतकी रुळली की ती कधीकाळी प्रयोग होती हे आज कोणाला आठवतही नाही. दीपप्रज्वलन आणि पाहुण्या बिशपांची आरती सणासुदीला सर्रास होते. जमिनीवर बसून मिस्सा मात्र आश्रम, सेमिनरी आणि प्रार्थना शिबिरांपुरती उरली. मांडी घालून बसणारा समाज देवळात मात्र बाकावरच बसण्याचा हट्ट धरतो, यात पुष्कळांना विसंगती दिसली. पण मिशनच्या देवळात मिळालेले बाक हे कित्येक कुटुंबांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या बरोबरीच्या जागेचे चिन्ह होते. ते सोडून पुन्हा जमिनीवर बसा, असे सांगताना हा इतिहास फारसा लक्षात घेतला गेला नाही.

महाराष्ट्रात या प्रवाहाचे मुख्य ठाणे पुणे होते. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९७२ मध्ये कॅथलिक आणि अँग्लिकन अशा दोन संघांच्या भगिनींनी मिळून पुन्हा सुरू केला. पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी आणि शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट या त्याच्या प्रमुख व्यक्ती होत्या. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट स्त्रिया एका छताखाली रोज प्रार्थना करतात, ख्रिस्ती ग्रंथांबरोबर उपनिषदे वाचतात आणि उपासनेची दिशा स्वतः ठरवतात, हे त्या काळी जगातल्या फार थोड्या ठिकाणी घडत होते. याच आश्रमात त्याआधी अनेक वर्षे गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचे वास्तव्य होते. त्यांनी मरियेला साडी नेसवून, इथल्या बाईच्या रूपात रंगवले. शनिवार पेठेतल्या स्नेहसदनात जर्मन जेझुइट फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी पुण्याच्या विचारवंतांशी संवाद सांधला. मूळ पुण्यात जन्मलेले चित्रकार ज्योती साही यांनी बंगळूरच्या केंद्राच्या प्रार्थनामंदिरासाठी काम केले. प्रयोग गाण्यापुरता आणि हावभावांपुरता राहिला नाही, चित्र आणि वास्तू यांनाही त्याने स्पर्श केला.

ऑक्टोबर १९७१ मध्ये नागपुरात सुवार्ताप्रसार आणि धर्मसंवाद या विषयावर आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय परिषद भरली. इतर धर्मांच्या ग्रंथांतही ईश्वराचा हात असू शकतो का, यावर तिथे मोकळेपणाने विचार झाला. पुढचा प्रश्न ओघानेच आला : तसे असेल तर ते ग्रंथ मिस्सेत वाचावेत का? डिसेंबर १९७४ मध्ये बंगळूरला याच विषयावर संशोधन परिसंवाद झाला. त्याच सुमारास भारतीय धर्तीची नवी मुख्य प्रार्थना रचली गेली होती, आणि तिच्यात वैदिक ऋषी, बुद्ध अशा परंपरांचा कृतज्ञ उल्लेख होता.

इथे रोमने लगाम खेचला. खरे तर ५ सप्टेंबर १९७० च्या आदेशानेच जगभरच्या मनमानी प्रयोगांना आवर घालायला सुरुवात झाली होती. हॉलंडमध्ये घरगुती जेवणाच्या टेबलावर मिस्सा होत होत्या, अमेरिकेत गिटार आणि ड्रमच्या साथीने, आणि फादर आयत्या वेळी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना रचत होते. जून १९७५ मध्ये कार्डिनल जेम्स नॉक्स यांचे पत्र भारतीय बिशपांना आले : भारतीय मुख्य प्रार्थना वापरू नये, आणि मिस्सेत ख्रिस्तेतर ग्रंथांची वाचने करू नयेत. प्रयोगांचा अधिकृत काळ जेमतेम सहा वर्षांचा ठरला. त्याच्या तुलनेत काँगोमधल्या चर्चने चिकाटीने पाठपुरावा करून १९८८ मध्ये स्वतःच्या नृत्य-गायनासह मिस्सेला रोमची मान्यता मिळवली. भारताला ते जमले नाही, कारण भारतातच एकमत नव्हते.

विरोध तीन बाजूंनी झाला आणि तिन्हींची कारणे निराळी होती. मद्रासचे व्हिक्टर कुलंदई आणि त्यांच्यासारख्या परंपरानिष्ठ कॅथलिकांना आरती, ॐ आणि फुले म्हणजे मूर्तिपूजेचा शिरकाव वाटला. आपल्या पूर्वजांनी ज्या गोष्टी सोडण्यासाठी आप्तांशी संबंध तोडले त्याच गोष्टी फादर आता वेदीवर आणताहेत, ही त्यांची वेदना खरी होती. हिंदू बाजूने सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर पुस्तक लिहून भगव्या वस्त्रातले फादर ही धर्मांतराची चाल असल्याचा आरोप केला. साध्या भक्तीपोटी आश्रमात राहिलेल्यांवर हा आरोप अन्याय करणारा होता. तरीही दुसऱ्याच्या पवित्र वस्तू त्याला न विचारता घ्याव्यात का, हा त्यामागचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

तिसरी टीका सर्वांत भेदक होती, आणि महाराष्ट्रात तिला विशेष अर्थ होता. इथल्या ग्रामीण ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अस्पृश्य ठरवलेल्या जातींतून आलेला. ज्यांच्या आजोबांना वेदमंत्र कानावर पडू देण्याचीही बंदी होती, त्यांच्या उपासनेचे भारतीयीकरण म्हणून तेच मंत्र आणले जात होते. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी शूद्र धर्मशास्त्राची मांडणी केली आणि तीतून पुढे दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र उभे राहिले. भारतीय संस्कृती म्हणजे कोणाची संस्कृती, हा त्याचा रोखठोक सवाल होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत, त्याच विदर्भाला लागू होणारी, संस्कृतप्रधान विधींची यादी मंजूर झाली. यादी करणारे सद्भावनेने काम करत होते यात शंका नाही. पण विदर्भातल्या वस्त्यांत त्या तेरा वर्षांत जे मन्वंतर घडले होते त्याची चाहूल त्यांना लागली नव्हती, आणि हा त्या प्रयोगाचा सर्वांत मोठा दोष आहे.

अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा झाला. त्यानंतर चाळीस वर्षे, १९९५ पर्यंत, बिशप जोसेफ रोझारिओ त्याचे प्रमुख होते. लॅटिन मिस्सा, परिषद, नवा मिस्साग्रंथ, बारा बाबी आणि नंतरचा लगाम, हे सगळे एकाच बिशपाच्या कारकिर्दीत इथे आले आणि गेले. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळ असा पसारा, आणि त्यात कॅथलिक अगदी थोडे. तेही एकजिनसी नाहीत. रेल्वे, शाळा आणि रुग्णालयांच्या निमित्ताने आलेली गोवेकर, मंगळुरी, केरळी आणि तमिळ कुटुंबे शहरांत, मराठी कुटुंबे शहरांत आणि खेड्यांत, मेळघाटात चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरसारख्या ठिकाणी कोरकू. अकोल्यात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रॉटेस्टंटांच्या अलायन्स मिशनचे मोठे ठाणे होते, त्यामुळे मराठी ख्रिस्ती भजनाची सवय तिथल्या हवेतच होती.

अशा मंदिरात लोकभाषा म्हणजे कोणती, हा प्रश्न पहिल्याच रविवारी उभा राहतो. कॉन्व्हेंट शाळेभोवतीच्या समाजाला इंग्रजी सोयीची, केरळी कुटुंबांना हिंदी चालते, खेड्यातून आलेल्यांना मराठी हवी. म्हणून एकाच मंदिरात सकाळी एका भाषेत आणि संध्याकाळी दुसऱ्या भाषेत मिस्सा होऊ लागली, आणि एकत्र येण्यासाठी केलेल्या सुधारणेने लोक वेळापत्रकात विभागले गेले. सणाच्या दिवशी मग वाचन मराठीत, गीत हिंदीत आणि प्रवचन दोन्हींत अशी सरमिसळ होते. हा गोंधळ वाटतो खरा, पण त्यात माणसे एकमेकांचे ऐकून घ्यायला शिकतात. शिवाय विदर्भाच्या पूर्वेला एक वेगळीच गोष्ट घडली. १९६२ मध्ये चांदा भाग केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. त्यामुळे वर्धा-चंद्रपूरकडे पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेची उपासना आणि अमरावती-अकोल्याकडे लॅटिन परंपरेची, असे दोन विधी शेजारी नांदतात. लॅटिन एकसुरीपणा हाच कॅथलिकपणा, असे मानणाऱ्याला विदर्भाचा नकाशाच उत्तर देतो.

लोकभाषेतल्या उपासनेच्या प्रश्नाला वऱ्हाडात स्वतःचे जुने उत्तर होते. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला महानुभावांनी तेराव्या शतकातच संस्कृत बाजूला ठेवून धर्म मराठीत मांडला. विसाव्या शतकात गाडगेबाबांनी कीर्तनाला प्रश्नोत्तरांचे रूप देऊन अडाणी श्रोत्याला बोलते केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावागावांत नेली : संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्या जातिधर्मांचे लोक रांगेत बसतात, खंजिरीच्या तालावर एकत्र गातात, मग गावाच्या कामाबद्दल बोलतात. परिषदेने उपासनेकडून जी मुख्य अपेक्षा केली, म्हणजे सर्वांचा जाणता आणि सक्रिय सहभाग, ती वऱ्हाडातल्या कित्येक खेड्यांत रोज संध्याकाळी पुरी होत होती. तुकडोजी महाराज ऑक्टोबर १९६८ मध्ये गेले. सहाच महिन्यांनी मंजूर झालेल्या बारा बाबींत पंचांग प्रणाम आहे, धूपदान आहे, तिहेरी आरती आहे. एकत्र बसून गाण्याची ही लोकरीत मात्र त्यांत नाही. जवळचे पाणी सोडून लांबची विहीर खणली गेली असे म्हणावे लागते.

लोकांनी मात्र जवळचेच घेतले. पेटी, तबला, ढोलकी, टाळ, कुठे खंजिरी. वाचनानंतरचे स्तोत्र अभंगाच्या चालीवर, अर्पणाच्या वेळी भजन. पवित्र आठवड्यातला क्रूसमार्ग कीर्तनाच्या ढंगाने सांगणे, नाताळात घरोघर जाऊन भजन करणे, हे कोणत्याही यादीत नव्हते आणि त्याला कोणी परवानगीही मागितली नाही. संगीत मुखपाठ होते, कारण गाणाऱ्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हते. मेळघाटात प्रश्न आणखी अवघड होता. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. तिथे मराठी मिस्सासुद्धा परक्या भाषेतलीच मिस्सा. मृतांसाठी नक्षीदार लाकडी खांब रोवणाऱ्या आणि सिडोली हा मृतस्मरणाचा विधी करणाऱ्या समाजाला सर्व मृतांच्या स्मरणदिनाचा अर्थ सांगायला वेदान्ताची गरज नव्हती. त्यांच्याच स्मरणरीतीपासून सुरुवात करता आली असती.

लोकांच्या हातून घडलेल्या अशा उपासनेचे सर्वांत ठळक उदाहरण नगर जिल्ह्यात आहे. श्रीरामपूरजवळचे हरेगाव हे बेलापूर शुगर कंपनीच्या साखर कारखान्याचे गाव. तिथे दरवर्षी सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास मतमाउलीची यात्रा भरते. आधी नऊ दिवसांची नोव्हेना, मग पायी येणारे जथे, रस्त्याकडेला रांधलेला स्वयंपाक, हार, मेणबत्त्या, नवस फेडायला आलेली लेकुरवाळी माणसे, रात्रभर भजन. ख्रिस्ती येतात तसे हिंदू आणि बौद्धही येतात. वारीचा शिरस्ता जाणणाऱ्या समाजाने आपल्या देवाच्या आईकडे जाण्याचा मार्ग स्वतः आखला. बंगळूरच्या केंद्राने कितीही परिसंवाद घेतले असते तरी एवढी माणसे एका विधीत सामील झाली नसती. वेदीवरची मिस्सा तिथेही रोमन ग्रंथानुसारच होते, पण तिच्याभोवतीचे सगळे जग मराठी आहे.

१९८० नंतर तिसरेच वारे आले. अमेरिकेतून मुंबईमार्गे आणि केरळच्या पोट्टा येथील प्रार्थना केंद्रातून पसरलेल्या करिश्माई चळवळीने टाळ्या, हात उंचावून केलेली मोठ्या आवाजातली स्तुती, आजारांसाठी प्रार्थना आणि स्वानुभवाची साक्ष आणली. छोट्या, विखुरलेल्या मंदिरांतल्या तरुणांना आणि विशेषतः स्त्रियांना तिने बोलण्याची जागा दिली. तिची गाणी मात्र बहुतेक इंग्रजी-हिंदी चालींची. कीबोर्ड आला आणि पेटी कोपऱ्यात गेली. अभंगाच्या चालीची स्तोत्रे ज्या वेगाने मागे पडली तो वेग चिंता वाटावा असाच आहे.

रोमची भूमिकाही बदलत राहिली. १९९४ च्या दस्तऐवजाने संस्कृतीशी जुळवून घेण्याचे नियम सविस्तर सांगितले, पण रोमन विधीची चौकट न मोडण्याची अटही घातली. २००१ च्या सूचनेने भाषांतर लॅटिन मुळाला शब्दशः धरून असावे असा आग्रह धरला, आणि जगभरच्या लोकभाषांतल्या प्रार्थना पुन्हा जड होऊ लागल्या. ३ सप्टेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी भाषांतराचा मुख्य अधिकार पुन्हा त्या त्या देशाच्या बिशपांकडे सोपवला. दरम्यान मराठीची ताकद वाढली होती. ‘निरोप्या’ आणि ‘सुवार्ता’ या मासिकांनी ख्रिस्ती मराठी गद्य घडवले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुकाराममहाराजांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिणारे थॉमस डाबरे १९९८ मध्ये वसईचे पहिले बिशप झाले. १९६५ मध्ये उपासनेसाठी जी मराठी जुळवाजुळव करून वापरावी लागली, ती आज कुठल्याही प्रार्थनेला पुरेशी आहे.

या काळाचा इतिहास लिहायचा तर रोमची पत्रे आणि बंगळूरची प्रकाशने हाताशी आहेत. अमरावती, अकोला, मेळघाट आणि नगरच्या खेड्यांतले साहित्य तसे जपले गेलेले नाही. सायक्लोस्टाइल केलेली गीतपत्रके, मास्तरांच्या हस्तलिखित वह्या, कॅसेटवर भरलेली भजने आणि बऱ्याच चाली फक्त वृद्धांच्या गळ्यात आहेत. परिषदेच्या वर्षांत विशीत असलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. ज्यांच्या घरी अशी वही, पत्रक किंवा कॅसेट असेल त्यांनी ती आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीत नोंदवून ठेवावी, आणि ज्यांच्या घरी ती चाल म्हणणारे कोणी हयात असेल त्यांनी ती यंदाच रेकॉर्ड करून घ्यावी.